राजीखुशीनं

दिवाळी झाली की मल्हारतात्याची मेंढरं घाट उतरून कोकणात जायची आणि मिरगाच्या आधी परत अंथुर्ण्याच्या माळाला लागायची. त्या जाण्यायेण्यात तात्याची चार लेकरं वाढली. तिघांनी शाळेचं दार पाहिलं नाही. चौथी जयवंता. ती सहा वर्षांची असताना बिऱ्हाडाच्या घोड्यावरून पडली आणि तिचा पाय मोडला. मोडक्या पायाची पोर घाटातून कशी न्यायची म्हणून तात्यानं तिला शेळगावला बहिणीकडे, कुशाबाईकडे ठेवलं. कुशाबाईला दिवसभर रानात जावं लागे. तिनं पोरीला उचलून शाळेत नेऊन बसवलं, की तेवढीच एका जागी राहील. पाय चार महिन्यांत सांधला. पण तोवर जयवंता वाचायला लागली होती, आणि बिऱ्हाडावर परत जायचं नाव काढलं की भोकाड पसरायला लागली होती.

"ऱ्हाऊ दे मग," तात्या म्हणाला. "एक मेंढरू कळपाबाहेर ऱ्हायलं म्हून काय बिगडत न्हाय."

ती राहिली. शेळगावात सातवी झाली, मग मॅट्रिक, मग रोज एसटीनं बारामतीला जाऊन बी. ए. तेही इंग्रजी घेऊन, कारण वर्गात ते कुणी घेत नव्हतं आणि प्राध्यापकांनी विचारलं तेव्हा तिनं चुकून हात वर केला होता. पुढं बी. एड. झाली. तात्याच्या भावकीत तोवर दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. पोरगी इंग्रजी शिकली म्हणजे नेमकं काय शिकली हे तात्याला सांगता यायचं नाही, पण बाजारात कुणी विचारलं की तो म्हणायचा, "सायबाची बोली. सगळी येती तिला."

अठ्ठ्याऐंशी सालच्या जूनमध्ये तिला तरसवाडीच्या हायस्कुलात नोकरी लागली. तरसवाडी म्हणजे कालव्याच्या अंगाचं गाव, उसाचं. शाळा एका संस्थेची, आणि संस्था म्हणजे बापूसाहेब. तुकड्यांना अजून अनुदान नव्हतं. अनुदान येईपर्यंत हातावर टेकवतील ते घ्यायचं आणि शिकवत राहायचं, मग एक दिवस पद मंजूर होईल, कायम व्हाल, असा त्या काळचा सगळीकडचाच रिवाज होता. बापूसाहेबांच्या बैठकीत, मोठ्या पितळी पानदानाच्या शेजारी, तिच्यापुढं तीन कोरे कागद ठेवले गेले.

"खाली सही करा," बापूसाहेब म्हणाले. आवाज मऊ होता. "पद्धत आहे. सगळ्यांच्याच घेतो. उद्या कोण कसं निघेल सांगता येत नाही."

बाजूला मुख्याध्यापक दादासाहेब बसले होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे करा, काही होत नाही. जयवंतानं तिन्ही कागदांवर सही केली. इंग्रजीत. कॉलेजात असताना तिनं ती सही वहीच्या मागच्या पानांवर गिरवून गिरवून बसवली होती. कुणी तिला सही मागितली, असा तिच्या आयुष्यातला तो पहिलाच मोठा प्रसंग होता, आणि तिला त्याचा अभिमानच वाटला.

साडेपाच वर्षं ती शिकवत राहिली. आता ती बापाच्या वस्तीवर राहायची; अंथुर्ण्याहून सकाळच्या गाडीनं निघायची, फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालायची. आठवी ते दहावीचं सगळं इंग्रजी तिच्याकडे. उसाच्या रानातून, मेंढपाळांच्या वस्त्यांवरून येणारी पोरं इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसत. त्यांना मान वर करायला लावायची तिची स्वतःची एक रीत होती. पुस्तकातला शब्द ती माळावर आणून सोडायची.

एकदा दहावीच्या वर्गात 'स्नॅच' हा शब्द आला. पुस्तकात कुणा बाईची पिशवी चोर पळवतो असं काहीतरी होतं. जयवंतानं पुस्तक मिटलं.

"घार कोंबडीचं पिल्लू नेते. विचारून नेते का?"

"न्हाय बाई!"

"झडप घालून नेते. ते स्नॅच. पोलीस चोरीची मोटरसायकल ताब्यात घेतात, ते सीझ. तिथं कायदा लागतो, कागद लागतो. दोन भाऊ एका बोरासाठी भांडतात आणि थोरला मूठभर बोरं ओढतो, ते ग्रॅब. आणि आईनं तुझ्या हातातला डबा घेतला तर?"

"टेक," मागच्या बाकावरनं कुणीतरी म्हणालं.

"बरोबर. टेकमध्ये जोर नाही. बाकीच्यांत आहे."

पुढच्या बाकावर नकोशी नावाची मुलगी बसायची. चार बहिणींनंतरची पाचवी, म्हणून ते नाव. वर्गात सगळ्यांत तेज तीच. तिनं हात वर केला. "बाई, आन् घेणाऱ्यानं काय जोर केलाच न्हाय, आपुनच रडत रडत दिलं, तर त्याला काय म्हणायचं?"

वर्ग हसला. जयवंतालाही हसू आलं. "उद्या सांगते," ती म्हणाली. घरी जाऊन तिनं शब्दकोश उघडला. एक्स्टॉर्ट सापडला, पण त्याला धमकी लागत होती. दुसरे दोन-तीन सापडले, त्यांना फसवणूक लागत होती. नुसतं रडत देण्याला शब्द सापडला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तसं वर्गात सांगितलं, आणि नकोशीनं ते प्रामाणिकपणे वहीत लिहून घेतलं, की इंग्रजीत याला शब्द नाही.

ही त्र्याण्णवच्या गणपतीनंतरची गोष्ट. त्याच महिन्यात अनुदानाचं पत्र आलं. पदं मंजूर झाली. शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले गेले. जयवंता पेढा घेऊन घरी गेली आणि तात्याच्या हातावर ठेवला. तात्यानं अर्धा खाल्ला, अर्धा खंडोबाच्या टाकापुढं ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी फळ्याशेजारच्या वेळापत्रकावर इंग्रजीपुढं तिचं नाव नव्हतं. 'सौ. राजलक्ष्मी' असं होतं. राजलक्ष्मी म्हणजे बापूसाहेबांची धाकटी सून. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि तिचा बी. एड.चा निकाल नुकताच लागला होता.

जयवंताला आधी वाटलं की तास बदललेत. ती दादासाहेबांच्या खोलीत गेली. दादासाहेब खिडकीकडं बघत म्हणाले, "बसा बाई. तुमचा राजीनामा मंजूर झालाय."

"माझा?"

"कमिटीनं ठराव केला. एक तारखेपासून."

त्यांनी फाईल पुढं सरकवली. टंकलेखन केलेल्या सहा ओळी होत्या. 'घरगुती अडचणींमुळे मी माझ्या पदाचा राजीनामा कोणत्याही दबावाशिवाय, राजीखुशीने देत आहे.' खाली तिची सही. इंग्रजीत, शेपूट उजवीकडं वळवलेली. फाईलला एक लखोटाही टाचलेला होता. रजिस्टर पोस्टानं आलेला, इंदापूरच्या पोस्टाचा शिक्का, पाठवणाऱ्याच्या जागी तिचं नाव. अक्षर मात्र तिचं नव्हतं.

"सर, तुम्ही होतात ना तिथं. कोरे होते कागद."

दादासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "व्हतो," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते तिच्याशी गावच्या बोलीत पहिल्यांदाच बोलले. "कुठं इचारलं तर सांगंन मी. पर आत्ता तुमी जावा बाई. हितं तमाशा नगं."

तिनं तमाशा केला नाही. खडूची पेटी टेबलावर ठेवली आणि बाहेर पडली. दहावीच्या वर्गावरून जाताना पोरं उठून उभी राहिली, कारण त्यांना वाटलं तिचा तास आहे.

तात्याला तिनं संध्याकाळी सांगितलं. तो कोकणात निघायच्या आधी मेंढरं मोजत होता. मोजणी चुकली म्हणून त्यानं परत सुरू केली, परत चुकली, मग सोडून दिली.

"तू दिला व्हय राजीनामा?"

"न्हाय तात्या."

"मग सही कुनाची?"

"माजी."

माळावर तात्यानं लांडगे पाहिले होते, चोर पाहिले होते, रानातून हाकलणारे बागायतदार पाहिले होते. यातलं काहीच त्याला इथं लागू पडेना. शेवटी तो म्हणाला, "कोर्ट हाय न्हवं?"

मोहनराव वकील बारामतीत बसत. माणूस सज्जन, पान खाणारा, मुद्द्याला धरून बोलणारा. खासगी शाळांच्या नोकऱ्यांचे दावे पुण्यात चालत. अपील इंग्रजीत लिहायचं होतं. मोहनरावांनी मसुदा केला आणि तिच्यापुढं ठेवला. "तुम्ही इंग्रजीच्या. बघून द्या."

मसुद्यात त्यांनी एक्स्टॉर्ट वापरला होता. जयवंताचा पेन तिथं थांबला.

"वकीलसाहेब, याला धमकी लागते. मला कुणी धमकी दिली नाही."

"कोऱ्या कागदावर सही घेणं ही धमकीच की."

"मऊ आवाजात म्हणाले होते. पद्धत आहे म्हणाले."

"बाई, कायद्यात हा शब्द बसतो. राहू द्या."

पण तिला खोटं लिहायचं नव्हतं. साडेपाच वर्षं पोरांना शब्द काट्यावर तोलून शिकवले होते, आता स्वतःच्या अर्जात वजनाला दगड कसा टाकायचा? मराठीत तिला नेमका शब्द ठाऊक होता. लाटलं. बापूसाहेबांनी तिची जागा लाटली, असं म्हटलं असतं तर गावातल्या शेंबड्या पोरालाही सगळं कळलं असतं. त्यात जोर नाही, आरडाओरडा नाही, आणि तरी दुसऱ्याचं आपल्या ताटात ओढणं आहे. पण अपील मराठीत चालणार नव्हतं. खूप खाडाखोड करून तिनं शेवटी स्नॅच लिहिला. माझी जागा माझ्याकडून हिसकावून घेतली गेली. मोहनरावांनी खांदे उडवले आणि अपील दाखल झालं.

केसपायी तात्याची मेंढरं त्या साली कोकणात गेली नव्हती. जानेवारीत एका दुपारी अंथुर्ण्याच्या वस्तीवर एक लाल लुना येऊन थांबली. राजलक्ष्मी एकटीच आली होती. वय बावीस-तेवीस, हातात हिरवा चुडा, काखेत दहावीचं इंग्रजीचं पुस्तक. मेंढरांची कुत्री भुंकायला लागली तशी ती लुनाला चिकटून उभी राहिली. जयवंतानं कुत्र्यांना हाकललं. घरी आलेल्या माणसाला पाणी द्यायचं म्हणून जयवंतानं तांब्या पुढं केला.

"बाई," राजलक्ष्मी पाणी न पिताच म्हणाली, "मला येत नाही हो शिकवता. माझा विषय इतिहास. इंग्रजी कागदावर दाखवलंय नुसतं. पोरं तुमचं नाव काढतात. तुम्ही शब्द कसे सांगायच्या ते मला सांगतात. मार्चात बोर्डाची परीक्षा आहे. सगळी नापास होतील."

"मग मी काय करू?"

"तुमच्या वह्या असतील ना? टिपणं? मामंजींना नाही सांगितलं मी इथं येते म्हणून."

जयवंता आत गेली. पत्र्याच्या पेटीत अकरा वह्या होत्या. प्रत्येक धड्याचे शब्द, प्रत्येक शब्दाला माळावरचं उदाहरण, कोणत्या पोराला काय कळत नाही त्याच्या खुणा. पेटीपुढं ती किती वेळ बसली होती कुणास ठाऊक. बाहेर तात्या खाटेवर होता. तो आत आला, दारातूनच म्हणाला, "दिऊ नगं. जागा घेतली, आता ह्येबी न्हेत्यात का?"

"तात्या, अडतीस पोरं हायत दहावीला."

"ती काय तुजी हायत का आता?"

तिला नकोशी आठवत होती. नकोशीच्या बापानं सांगून ठेवलं होतं की मॅट्रिक पास झाली तर पुढं बघू, नाहीतर लगीन. तिनं अकरा वह्या बाहेर आणल्या, रुमालात बांधल्या आणि लुनाच्या मागच्या कॅरिअरला अडकवायला स्वतः मदत केली. राजलक्ष्मी रडायला लागली. जयवंता रडली नाही. "नवव्या वहीत पत्रलेखन आहे," ती म्हणाली. "ते आधी घ्या. हुकमी मार्क असतात."

त्या वर्षी दहावीतली सव्वीस पोरं इंग्रजीत नापास झाली. वह्या असून काय उपयोग? वहीतली घार वहीतच राहिली, तिला वर्गात सोडणारं कुणी नव्हतं. नकोशी चार मार्कांनी गेली. जूनच्या अखेरीस तिचं लग्न डाळजला झालं.

दोन वर्षांनी भिगवणच्या बाजारात जयवंताला ती दिसली. काखेत पोर, डोक्यावर पदर. वाकून पाया पडली. "बाई, तुमी का वो सोडून गेला आमाला?" तिनं विचारलं. "आमाला सर म्हनले, बाईंना घरची अडचन हाय, त्यांनीच राजीनामा दिला."

"मी दिला नव्हता गं."

"पर सही तर तुमचीच व्हती म्हनं. पोरांनी बघितली." नकोशीच्या बोलण्यात राग नव्हता. जे ऐकलं ते ती सांगत होती. जयवंता समजावून सांगायला लागली, कोरे कागद, अठ्ठ्याऐंशी साल, पण मध्येच नकोशीच्या सासूनं हाक मारली आणि ती घाईनं गर्दीत शिरली. अर्ध्यावर राहिलेलं वाक्य घेऊन जयवंता कांद्याच्या ढिगापाशी उभी राहिली.

दावा पुण्यात चालला होता. तारखा पडत. मेंढरं कोकणात असली तरी तात्या प्रत्येक तारखेला सोबत यायचा. घोंगडी खांद्यावर टाकून, बाहेरच्या बाकावर, दिवसभर. कुणी विचारलं तर सांगायचा, "पोरगी बाई हाय शाळंत. तिची केस हाय."

शहाण्णवच्या पावसाळ्यात उलटतपासणी झाली. संस्थेचे वकील उंच, हसरे. त्यांनी अपिलाची प्रत हातात घेतली.

"बाई, हे अपील तुम्ही स्वतः वाचून दिलंत?"

"हो."

"यात स्नॅच हा शब्द आहे. तुम्ही इंग्रजीच्या शिक्षिका. अर्थ सांगता?"

"हिसकावून घेणे."

"म्हणजे जोर लागतो त्याला?"

"हो."

"सही करताना कुणी तुमचा हात धरला होता?"

"नाही."

"कुणी धमकी दिली?"

"नाही. पण कागद कोरे होते."

"कोरे असल्याचा पुरावा?"

तिनं दादासाहेबांचं नाव घेतलं. दादासाहेबांची साक्ष आदल्या तारखेलाच झाली होती. त्यांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि पेन्शनचे कागद संस्थेच्या सहीनं जायचे होते. बाईंनी टंकलेखन केलेला राजीनामा माझ्यासमोर वाचला आणि सही केली, असं त्यांनी शपथेवर सांगितलं होतं. सांगताना त्यांनी एकदाही तिच्याकडं पाहिलं नाही.

वकिलांनी कागद खाली ठेवला. "बरं. जानेवारी चौऱ्याण्णवमध्ये तुम्ही सौ. राजलक्ष्मी यांना तुमच्या अकरा वह्या दिल्या?"

जयवंतानं वर पाहिलं. राजलक्ष्मी मागच्या रांगेत नवऱ्याशेजारी, रणजितशेजारी बसली होती. तिची मान खाली होती.

"दिल्या."

"त्यांनी हिसकावल्या?"

"नाही."

"मागितल्या आणि तुम्ही दिल्या. गाडीला बांधायला मदतही केलीत?"

"केली."

"ज्यानं आपली जागा बळकावली असं म्हणता, त्याच्या हातात आपली सगळी टिपणं बांधून देणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. तुम्ही कामाचा रीतसर कार्यभार सोपवलात, असंच ना?"

"पोरांची परीक्षा होती," ती म्हणाली. आवाज इतका बारीक झाला होता की तिला परत सांगावं लागलं. "पोरांची परीक्षा होती."

"म्हणजे राजीखुशीनं दिल्या."

मोहनराव उठून हरकत घ्यायला लागले. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि तिला उत्तर द्यायचं होतं. खोटं बोलायला तिला येत नव्हतं. "हो," ती म्हणाली.

सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये निकाल लागला. निकालात तिच्याविषयी वावगं काही नव्हतं. अपीलकर्ती कर्तव्यदक्ष शिक्षिका असल्याचं दिसतं, असं एक वाक्यही होतं. पण सही मान्य, लखोटा दाखल, साक्षीदार ठाम आणि कार्यभार स्वेच्छेनं सोपवलेला. समोरचे कागद पाहून जो निकाल देता येत होता तो दिला गेला. अपील फेटाळलं.

"वर जाता येईल," मोहनराव जिन्यावर म्हणाले. "मुंबईला. पण खरं सांगू का बाई? त्या वह्या नसत्या दिल्या तर काहीतरी करता आलं असतं."

एसटीत तात्या खिडकीशी बसला होता. दौंड आलं तसा तो म्हणाला, "मम्मईचं कोर्ट ह्याच्याहून मोठं आसंल न्हवं?"

"आसंल."

"मग?"

"तितंबी त्यो त्योच कागद वाचत्याल, तात्या."

तात्यानं मान हलवली. त्या वर्षी त्यानं मेंढरं थोरल्या मुलाच्या हवाली केली आणि कोकणात जाणं सोडलं. माळाचे तुकडे उसाखाली गेले होते, चराई राहिली नव्हती, हे कारण खरंच होतं. पण तो दिवसभर खाटेवर पडून राहायचा ते चराई गेली म्हणून नव्हे.

जयवंतानं दुसऱ्या शाळा पाहिल्या. इंदापूरला एक, भिगवणला एक, बारामतीजवळ एक. मुलाखती चांगल्या व्हायच्या. पाठ घ्यायला सांगत, ती घ्यायची, पोरं हसायची, घेणारे खूश व्हायचे. मग कुणीतरी विचारायचं, आधीची नोकरी का सोडली? ती खरं सांगायची. खोलीतला वारा बदलायचा. संस्थेवर केस घालणारी बाई कुठल्याच संस्थेला नको होती. भिगवणच्या सेक्रेटरींनी तिला दारापर्यंत सोडताना सरळच सांगितलं, "राजीनामा दिला म्हणाला असता तर घेतलं असतं आम्ही." पुढच्या मुलाखतीला ती तसं म्हणून बघणार होती. रात्रभर घोकलंही. पण समोर बसल्यावर तोंडातून ते शब्द बाहेर पडले नाहीत, आणि त्या वर्षी तिची नोकरीची वयोमर्यादा संपली.

लग्नाचं तर नावच निघालं नाही. आधी कायम झाल्यावर बघू म्हणून राहिलं, मग केस संपल्यावर बघू म्हणून. आता कुणी बघायला येत नव्हतं.

अठ्ठ्याण्णवमध्ये वस्तीवर अंगणवाडी मंजूर झाली. सेविकेची जागा सातवी पासची होती. जयवंतानं अर्ज केला तेव्हा तालुक्याच्या बाईंनी तिची प्रमाणपत्रं दोनदा चाळली. "एवढं शिकून?" त्यांनी विचारलं. तिनं अर्ज पुढं सरकवला. जागा मिळाली.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्याआधी एकदा इंदापूरहून मीटिंग करून परतताना गाडीत राजलक्ष्मी भेटली. "बाई, या ना, जागा आहे," तिनं हाक मारली. उभं राहून तीस किलोमीटर जाण्यात अर्थ नव्हता. जयवंता शेजारी बसली. राजलक्ष्मी अंगानं भरली होती, केसांत दोन-चार पांढरे दिसत होते. दोघी पुढच्या बाकाच्या दांड्याकडं बघत होत्या.

"त्या दिवशी कोर्टात," राजलक्ष्मी म्हणाली, "वह्यांचं मी सांगितलं नव्हतं. यांच्या हाती लागल्या. मला विचारलं कुठनं आल्या. मी खरं बोलले."

"हं."

"मला शिकवायचंच नव्हतं हो. मला माहेरी सांगितलं होतं घरात बसून खायचंय. लग्नानंतर मामंजी म्हणाले, पद येणार आहे, बी. एड. करा. पोटात पोर होतं माझ्या. ते ठेवू दिलं नाही त्यांनी, परीक्षा होती म्हणून." तिनं पर्सची चेन उघडली, परत लावली. "नंतर झालंच नाही."

जयवंतानं तिच्याकडं पाहिलं. एवढी वर्षं तिच्यावर राग धरून बसायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला होता, आणि आता तोही जागा सोडून चालला होता. राग गेल्यावर तिथं काहीच उरलं नाही. "मग सोडा नोकरी," ती म्हणाली.

"कशी सोडू? घरचे सोडू देतील का?"

कंडक्टर आला. राजलक्ष्मीनं दोघींचं तिकीट काढायला हात पुढं केला. जयवंतानं आपलं स्वतंत्र काढलं. शेळगाव आलं, गेलं. राजलक्ष्मीनं खिडकीच्या काचेला डोकं टेकवलं होतं. तिला झोप लागली की तिनं डोळे मिटले होते, सांगता येत नव्हतं. अंथुर्ण्याला जयवंता उतरली. वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणवाडीचं कुलूप काढलं. पोती अंथरली. पोरं एकेक येत होती, काही नागडी, काही भावंडाचा हात धरून. एका वर्षाच्या पोरीला तिनं काट्याच्या झोळीत घातलं. वजन गेल्या महिन्याहून कमी होतं. तिनं ते तक्त्यावर टिंब देऊन मांडलं आणि पोरीच्या आईला सांगितलं, हिला खायला घाल. आई म्हणाली, घालते. दोघींनाही ठाऊक होतं की घालायला घरात काही नाही. अकरा पोरं आली होती. तिनं सुकडी वाटली, वाट्या घासल्या आणि ऊन चढायच्या आत घरी गेली.